पहिलं शील

आमच्या मालकांचं नाव देवाजी. नवऱ्याचं नाव एकदा घेतलं, आता पुन्हा घेणार नाही. छप्पन साली चांद्याला जाऊन बुद्धधम्माची दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून विहारातली संध्याकाळची वंदना त्यांच्याच तोंडून. ते आधी म्हणत, मागून सगळी वस्ती. माणूस तसा तिरसट, भाजीत मीठ कमी पडलं तर ताटावरून उठणारा. पण घरात विंचू निघाला तर चिमट्यानं उचलून कुंपणापलीकडे टाकायचा. ‘पाणातिपाता वेरमणी’, म्हणजे जीव घेणार नाही, हे पाचांतलं पहिलं शील तोंडानं घ्यायचं आणि चपलेनं मोडायचं, हे त्यांना कधी जमलं नाही.

मागच्या रोवण्यात, धानाची लावणी चालू असताना, माझा लहानू गेला. गेला कसला, मारला. धानाच्या बांधीत सोडायच्या पाण्यावरून भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, खाटेवर झोपलेल्या माझ्या पोरावर इतवारीनं कुऱ्हाड घातली. इतवारी म्हणजे धुरपताचा एकुलता एक, आणि धुरपता माझी शेजारीण. किती वर्षं आम्ही एका रांगेत धान रोवलं, एकीच्या शिदोरीतलं दुसरीनं खाल्लं.

त्यानंतर आमचे हे पहिल्यांदा विहारात गेले, ‘बुद्धं सरणं’चं त्रिसरण म्हटलं आणि एकदम दुसऱ्या शीलावर गेले. आम्हाला वाटलं, दुःखात विसरले. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढच्यानं गाळलं की मागच्यांचंही गळतं, त्यामुळे वर्षभर आमच्या वस्तीनं चारच शीलं घेतली. लहान पोरांना तर शीलं चारच असतात असं वाटू लागलं. पोर गेलेल्या बापाला टोकणार कोण? धुरपता दाराशी बसायची आणि एकही शील म्हणायची नाही.

मी घरी विचारलं, तर म्हणाले, “मी त्याले फाशी मागून राह्यलो. त्याच तोंडानं ते कसं म्हणू? खोटं बोलू नये, हेबी शीलच आहे.”

“आन् फाशी नाई झाली त?”

“मंग तो कधीतरी सुटून येईन. आला का मी आहोच.”

हे ‘मी आहोच’ माझ्या जिवाला लागलं. फाशी मलाही हवी होती, त्यात लपवायचं काय? लहानूची रिकामी खाट दिसली की इतवारीच्या गळ्यातला दोर डोळ्यांपुढे यायचा आणि बरं वाटायचं. पण फाशी झाली नाही तर माझा विंचू न मारणारा माणूस कुऱ्हाड धरणार होता. लेक गेला, आता नवराही फासावर जाईल, ही धास्ती बसली.

इतवारीवर गुन्हा शाबीत झाला. शिक्षा कोणती ते सांगायच्या दिवशी हे पहाटेच्या एस.टी.नं चांद्याच्या कोर्टात गेले. मी दिवसभर चूल पेटवली नाही. ऊन कललं तशी रस्त्यावर, गफ्फारच्या पंक्चरच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिले. तिथे धुरपता आधीच बसलेली. तिला सांगणारं कोण होतं? निकाल तिलाही आमच्याच माणसाच्या तोंडून कळणार होता. एकाच गाडीची वाट पाहणाऱ्या दोघी आणि मागणं उलटं. ती माझ्याकडे पाहीना, मी तिच्याकडे पाहीना. ट्रक आला की दोघी उठायचो, धूळ खाऊन पुन्हा बसायचो.

शेवटी मीच बोलले. “तू शीलं काऊन नाई म्हणत?”

“कोणत्या तोंडानं म्हणू, बाई? माह्याच पोटच्यानं मोडलं ना ते.”

तेवढ्यात एस.टी. आली. हे उतरले. चेहऱ्यावरून काही कळेना. मला काय ऐकायचंय, तेच मला ठरवता येईना.

“फाशी झाली,” ते म्हणाले. माझ्याकडे पाहून नव्हे, धुरपताकडे पाहून.

ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, “कधी?”

“अजून वर हायकोर्ट आहे.”

“मंग अजून आहे तो,” ती म्हणाली आणि पदर सावरून विहाराच्या वाटेला लागली.

घरी मी यांना पाणी दिलं. “कोर्टाबाहेर लोकाईनं मले चहा पाजला,” ते म्हणाले. “पोराचं लगीन जमल्यासारखा. पाठीवर हात ठेवू ठेवू. मले वाटलं होतं, छातीवरचा दगड उतरन. कुठी उतरते? आता त्याच्या मरणाची रोज वाट पाहाची.”

वंदनेला वस्ती भरून आली होती. बातमी आमच्याआधी पोचली होती. यांनी मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं. मग रोज जिथं पहिलं शील गाळत, तिथं थांबले. पण आज दुसरं शीलही त्यांच्या तोंडून निघेना.

दाराकडून आवाज आला. “पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.”

धुरपता होती. वर्षभरानं तिनं तोंड उघडलं होतं. आवाज चिरका, पण शब्द चुकला नाही. ती बुद्धाकडे पाहत नव्हती, यांच्या पाठीकडे पाहत होती. ते शील नव्हतंच, तिच्या पोराचा जीव तिनं आम्हाला मागितला होता.

मागून कोणीच म्हणेना. सगळे यांना भिऊन गप्प. मला तिचा राग आला, खरंच आला. कुऱ्हाड पडली तेव्हा हे शब्द कुठे होते? लहानू डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि त्याला पाहत पाहतच मी ते शब्द म्हटले. मग बायका म्हणाल्या, पुरुष म्हणाले. हे बोलले नाहीत. पुढची चार शीलं धुरपतानं सांगितली आणि आम्ही मागून घेतली.

घरी येऊन मी चूल पेटवली. हे उंबऱ्यावर बसले होते.

“लहानूची माय,” ते म्हणाले, “मनापासून म्हटलं का तू?”

“नाई,” मी म्हटलं. “मनात अजूनबी दोर आहे. तरी म्हटलं.”

मी भात वाढला. मीठ घालायला विसरले होते, पण ते ताटावरून उठले नाहीत.

“उद्या तू म्हणजो आधी,” ते म्हणाले. “मी मागं बसतो. माह्या तोंडून निघन का नाई, आताच नाई सांगत.”