शेजारचं लेकरू

मी अंकुरची चाकाची खुर्ची बोलतेय. जरा हळूच बोलते, थकलेय बाई. अमरावतीच्या खुर्चीवाटप शिबिरातून अकोल्याला, जठारपेठेत आले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा अंकुर आठ वर्षांचा होता, हलका. आता एकोणीस वर्षांचा गडी झालाय. त्याचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत आणि माझं डावं चाक माझं ऐकत नाही.

मला ढकलते ती प्रतीक्षा, त्याची मोठी बहीण. दवाखान्यात तीच नेते, जेवूही तीच घालते. कंटाळली की म्हणते, अरे बाप्पा, किती जड झाला रे तू! तो हसतो. त्याला फारसं बोलता येत नाही, पण ‘ताई’ मात्र स्वच्छ म्हणतो.

प्रतीक्षाला स्थळं येऊ लागली तशी आम्हा दोघांची रवानगी मागच्या खोलीत व्हायला लागली. त्यांची आई रुख्मिणीबाई बाहेरून कडी लावायची आणि पदरानं डोळे पुसायची. घरात असं लेकरू दिसलं की पोरीला नकार येतो, असं सगळेच सांगत. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायचं.

गेल्या महिन्यात पाहुणे बसलेले असताना अंकुरनं हाक मारली, “ताई!” कोण आहे, असं कुणीतरी विचारलं. प्रतीक्षा म्हणाली, “शेजारचं लेकरू आहे.”

त्यानं ते ऐकलं. माझ्या दांडीवरची त्याची मूठ घट्ट झाली. त्या दिवशी तिनं घास पुढे केला तर त्यानं तोंड उघडलं नाही. पुढेही तो आईच्याच हातानं जेवत राहिला. पोरगी मोरीत जाऊन रडायची. मला तर दोघांचाही राग आला आणि दोघांची कीवही आली.

परवा पातूरचे पाहुणे आले. आई कडी लावायला आली तर प्रतीक्षानं तिचा हात धरला. पोह्यांचा ट्रे अंकुरच्या मांडीवर ठेवला आणि मला ढकलत थेट बैठकीत नेलं. डावं चाक अडखळलं, अर्धे पोहे सांडले.

“हा माहा भाऊ, अंकुर,” ती म्हणाली. “मागच्या पाहुण्याईले म्या याले शेजारचं लेकरू म्हनलं. आता नाई म्हननार.”

पाहुण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले. प्रतीक्षा सांडलेले पोहे वेचायला खाली बसली. अंकुरचा वाकडा हात चाचपडत तिच्या डोक्यावर गेला. तिनं वर पाहिलं, तर त्यानं तोंड उघडलं होतं. ट्रेमधले उरलेले पोहे तिनं त्याला भरवले.

पातूरहून अजून फोन नाही. रुख्मिणीबाई घडीघडी मोबाइल पाहते. माझे काही आता फार दिवस राहिले नाहीत. माझ्या जागी नवी खुर्ची खुशाल आणा. फक्त ती यायच्या आधी त्या मागच्या खोलीची कडी तेवढी काढून टाका.