चौथा फोटो

“काका, हात जरा बाहेर घ्या. फ्रेममध्ये ते बोट येतंय,” ज्ञानेश म्हणाला.

ज्योतीरामांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. अठरा वर्षांपूर्वी पत्रा दाबणाऱ्या याच पॉवर प्रेसने ते नेलं. तेव्हापासून दाबलेला तुकडा ते चिमट्यानेच बाहेर काढायचे. त्यांनी हात मागे घेतला.

ज्ञानेश रावेतहून यायचा, इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणून. चाकणच्या या कारखान्यात मी अकरा वर्षं कामाची सूचनापत्रकं लिहितेय. कोणत्या मशीनवर काय, कोणत्या क्रमाने करायचं, ते. त्यात पायरीपायरीचे फोटो घालायला याला आणलं होतं. सोमवारी या पठ्ठ्याने आम्हाला तांत्रिक लेखनाच्या टिप्स शिकवल्या. पहिली टीप, वाचकाला ओळखा. तीन दिवसांत त्याने मशीनवरच्या एकाही कामगाराला नाव विचारलं नव्हतं. दुसरी, एका पायरीत एकच कृती. तिसरी, चित्र स्वच्छ हवं. अशा माणसाला मी कॅन्टीनचा फळाही लिहायला देणार नाही. माझ्याकडे एकच टीप आहे, पाय दुखेपर्यंत मशीनपाशी उभं राहा आणि मग लिहा. पण ती पडद्यावर शोभत नाही म्हणे.

चौथा फोटो तुकडा बाहेर काढण्याचा होता. ज्ञानेशने स्वतःचाच हात प्रेसमध्ये घातला. नखं कापलेला, घड्याळ बांधलेला हात. मशीन बंद होतं, म्हणून एवढं शौर्य.

“चिमटा कुठाय?” मी विचारलं.

“चिमट्याने पार्ट झाकला जातो, दिपाली मॅम. खाली लिहू ना आपण, चिमटा वापरा म्हणून.”

“फोटो असला की खालचं कोणी वाचत नाही.”

“मग तुमचं लिखाण कमी पडतंय.”

दोन दिवसांवर ऑडिट होतं. साहेबांनी घाई केली आणि मी पत्रकावर सही केली. ज्ञानेशला नावं ठेवायला मी पुढे असते, पण सही माझी होती. ती आठवली की अजून स्वतःचीच लाज वाटते.

महिनाअखेर ज्योतीरामांचा निवृत्तीचा दिवस आला. त्याच सकाळी त्यांच्या प्रेसवर मोनिका आली, शेजारच्याच गावची, नवी ट्रेनी. ती समोरचं पत्रक नीट बघून एकेक पायरी करत होती. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीला तिने हात आत घातला आणि पाय प्रेस चालवायच्या पॅडलवरच होता. ज्योतीरामांनी तिला कोपराला धरून मागे ओढलं. प्रेसचा वरचा भाग दाणकन खाली आला.

“हात कशाला घालायलीस, बाई?”

“फोटूत तसंच हाय की, काका.”

मी चार पावलांवर उभी होते. ज्योतीरामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जेवणाच्या सुट्टीत ते ऑफिसात आले. झेरॉक्स मशीनचं झाकण त्यांनी उचललं आणि उजवा पंजा काचेवर ठेवला.

“काढा मॅडम. आता फ्रेममध्ये येतोय का बगा.”

मी कॉपी काढली. साडेचार बोटं, भेगांसकट. प्रेसवरच्या चौथ्या फोटोवर ती चिकटवली, खाली ‘चिमटा वापरा’ असं ठळक लिहिलं आणि पुन्हा सही केली. ज्ञानेश धावत आला.

“हे काय लावलंय? अगदीच अनप्रोफेशनल दिसतंय.”

“तुमचीच पहिली टीप,” मी म्हटलं. “यांचं नाव ज्योतीराम. आता तरी लिहून घ्या.”

त्याने लिहून घेतलं नाही. अशी माणसं फक्त स्वतःच्या टिप्स लिहून घेतात.

सोमवारी ज्योतीराम नव्हते. मोनिका शिफ्टला आली. मशीन सुरू करण्याआधी तिने त्या कागदावर आपला डावा पंजा टेकवला. अंगठ्यावर अंगठा, बोटावर बोट. मधलं बोट मात्र त्यांच्या बोटाच्या पुढे निघालं आणि कोऱ्या कागदावर राहिलं. मग तिने उजव्या हाताने चिमटा उचलला.