मॉनिटरला आवाज नसतो

अंगदने मॉनिटर फळीवर टेकवला आणि त्याच्या मागच्या खाचेत सेट-टॉप बॉक्सची वायर खुपसली. पारनेरमधला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तेव्हा त्याने तो स्वस्तात उचलला होता. घरातला टीव्ही वीज पडून जळाल्यापासून त्याचे वडील, कानिफनाथ, बाजेवर पडून समोरच्या भिंतीकडे पाहत असत.

पडद्यावर चित्र उमटले. आखाड्यात दोन पैलवान भिडले होते. कानिफनाथांची मान उशीवरून किंचित उचलली गेली.

"दिसतंय का, तात्या?"

तात्यांनी डोळे मिटून उघडले. वर्षभर होकार असाच येत होता. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात आणि वाचा एकाच दिवशी गेली होती.

"आन आवाज रं?" बनुबाईंनी विचारले.

"मॉनिटरला आवाज नसतो, आई. स्पीकर लावावा लागंल." अंगद थबकला. "आपला पाखरं हाकायचा भोंगा कुठं हाय?"

बनुबाई निवडलेली मटकी पुन्हा निवडू लागल्या.

"बिघडलाय त्यो."

भोंगा बिघडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ज्वारी हुरड्यात आली, तेव्हा कानिफनाथांनी त्यात आपला आवाज भरला होता आणि आरोळी संपल्यावर रेकॉर्डिंगचे बटण बंद करायला ते विसरले होते. मग दिवसभर शेतातून पाखरांसाठी आरोळी उठे आणि तिच्या शेपटाला, "बने, पानी आन गं!" वाटेने जाणाऱ्या बायका हसत. "बनुबाई, पळा! मालक तहानल्यात!" बनुबाईंनी नवऱ्याला ते पुसायला सांगितले, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझ्या नावाला पाखरं जास्त भित्यात."

अंगद चुलीपाशी येऊन उकिडवा बसला.

"खरं सांग."

"त्यात ह्यांचा आवाज हाय," बनुबाई हळू म्हणाल्या. "गेलेली वाचा कानावर पडल्यावर त्यांच्या जिवाला काय वाटंल?"

"वायर जोडली की टीव्हीचाच आवाज येतोय. त्यांचा न्हाई येत."

मटकी बाजूला सारून त्या उठल्या. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी भोंगा बाहेर काढला आणि पदराने पुसून लेकाच्या हातात दिला.

वायर जोडताच आखाड्यातली हलगी घरात कडाडली. कानिफनाथांच्या डाव्या हाताची बोटे गोधडीवर ठेका धरू लागली. बनुबाई दाराला टेकून पडद्याकडे नव्हे, त्या बोटांकडे पाहत होत्या.

तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा झाला. गुंता नको म्हणून अंगदने भोंग्याची वायर उपसली, आणि बॅटरीवर चालणारा भोंगा आपल्या जुन्या कामाला लागला.

"हुर्र्याऽऽ! हाऽऽ हाऽऽ! बने, पानी आन गं!"

अंगदचा हात बटणाकडे धावला. कानिफनाथांनी त्याच्याकडे पाहिले. हात तिथेच थांबला.

वर्षभर बनुबाई वेळ पाहून पाणी पाजत होत्या. कधी ते पीत, कधी तोंड फिरवत. भोंग्याने दुसरा फेरा घेतला.

"बने, पानी आन गं!"

"आनते, आनते. जरा दम धरा," बनुबाई म्हणाल्या आणि माठाकडे वळल्या.

पेला भरून त्या परतल्या, तेव्हा कानिफनाथांचा डावा हात गोधडीबाहेर येऊन थांबला होता.