पागोळ्यांची रेघ

डाळिंबाशी

"बूट मागे घ्या, शेठ," सिव्यो म्हणाली. "रेघेवर आलात."

पिन्हासशेठने खाली पाहिलं. ओसरीचं छप्पर जिथे संपत होतं, तिथे खाली अंगणात गेल्या हिवाळ्याच्या पागोळ्यांनी पाडलेल्या बारीक खळग्यांची ओळ होती. ओळीच्या आत छप्पर, बाहेर आभाळ. त्याने पाऊल मागे घेतलं आणि डाळिंबाच्या झाडाशी जाऊन उभा राहिला.

छप्पर त्याचंच होतं. समरकंदच्या यहुदी मोहल्ल्यातला हा दवाखाना त्याने बांधला होता. भिंती त्याच्या, खाटा त्याच्या, विहीर त्याची. रोग्यांना बघणाऱ्या सिव्योचा पगारही तोच देत असे. फरगाण्याचा कापूस त्याच्या शब्दावर मॉस्कोला जायचा, त्याच्या पेढीचं नाव ताश्कंदपर्यंत चालायचं. आणि शब्बाथच्या, म्हणजे काम न करायच्या विसाव्याच्या वाराच्या, सकाळी, प्रार्थना आटोपून, रेशमी जामा घालून, हा माणूस आपल्याच अंगणात उपऱ्यासारखा उभा होता.

कारण तो कोहेन होता, पुरोहितांच्या कुळातला. मृत देह ज्या छपराखाली असेल, त्या छपराखाली कोहेनाने जायचं नसतं. काल संध्याकाळी, शब्बाथचे दिवे लागल्यावर, ओसरीच्या पार पलीकडच्या खोलीत एक परगावचा हमाल वारला होता. आज रात्री तारे दिसून शब्बाथ सुटेपर्यंत त्याला हलवता येणार नव्हतं.

आणि ओसरीच्या या टोकाच्या खोलीत बुलोर होती, त्याची थोरली बहीण. तिच्या छातीत पाणी झालं होतं. रशियन डॉक्टर सकाळी येऊन गेला होता आणि जाताना, ही संध्याकाळ बघेलसं वाटत नाही, असं सिव्योजवळ बोलला होता. सिव्योने ते शेठला सांगितलं. लपवून ठेवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

खाट अंगणात आणून पाहिली असती. पण नुसती उचलताच बुलोरचे ओठ निळे पडले, म्हणून पुन्हा खाली टेकवली.

खिडकी उघडी होती. आतून बुलोरचा पांढरा रुमाल बांधलेला माथा दिसत होता. आवाज काही अंगणापर्यंत पोचत नव्हता, म्हणून सिव्यो आतबाहेर करत होती.

"म्हणतात, जेवलास का? मी म्हटलं, जेवलेत. तर म्हणतात, खोटं बोलतेस. त्याचा चेहरा मला इथनं दिसतोय."

"जेवलो, म्हण."

सिव्यो आत गेली, आली. "म्हणतात, टोपी सरळ कर. पेढीवाला झाला तरी टोपी घालता येत नाही."

पिन्हासशेठने टोपी सरळ केली. खिडकीतला रुमाल जरासा हलला. ती हसली असावी, किंवा खोकली.

तुतीची वाट

आई गेली तेव्हा पिन्हासला नीट बोलताही येत नव्हतं. बुलोरने त्याला कमरेवर घेतलं, आणि मग बोटाला धरलं. बाप हा दारोदार हिंडून लोकांचं रेशमी सूत रंगवायला घेणारा माणूस. हात कोपरापर्यंत निळे आणि जीभ कायम गप्प. घर बुलोरचंच.

बाजाराचा जवळचा रस्ता दफनभूमीच्या भिंतीलगत जायचा. भिंतीआडच्या जुन्या तुतींच्या फांद्या रस्त्यावर आलेल्या, खाली गार सावली, पडलेली पिकली तुती. सगळा मोहल्ला तिथून जायचा. फांद्या कबरींवरही पसरलेल्या, तेव्हा तेही एक छप्परच. म्हणून बुलोर त्याला गिरणीकडून लांबच्या वळशाने न्यायची. त्या वाटेवर झाड नव्हतं. उन्हात मधला पाट ओलांडावा लागायचा. ती आधी उडी मारून पलीकडे जायची आणि हात पुढे करायची.

तो रडायचा. सगळी मुलं सावलीतनं जातात, आपणच का नाही?

"तू कोहेन आहेस," ती म्हणायची. "आपल्याला ऊनच बरं."

ती मुलगी होती. तिला स्वतःला कुठल्याही सावलीतनं जायची मुभा होती. तरी ती एकदाही

करवत

गेली नाही.

दुपारी गफूर उस्ताद आला. दवाखाना बांधणारा हाच मुसलमान गवंडी, त्याला शब्बाथचं बंधन नव्हतं. ओसरी तुकड्यातुकड्यांनी बांधावी, असं तेव्हा त्याने सुचवलं होतं. पिन्हासशेठ ऐकेना. रोग्याला या खोलीतून त्या खोलीत नेताना ऊन लागू नये, एक सलग छप्पर घाल, म्हणाला. छप्पर झालं, सगळ्यांनी वाखाणलं. उद्घाटनाला आलेल्या धर्मगुरूंनी मात्र वर पाहिलं आणि मान हलवली. मृताच्या खोलीपाशी वीतभर आभाळ मोकळं ठेवायला हवं होतं, म्हणजे ते छप्पर वेगळं झालं असतं आणि कोहेनांची अडचण झाली नसती. पिन्हासशेठ हसून म्हणाला होता की कापसाचा हंगाम उरकला की कापून घेऊ. मग हंगामामागून हंगाम आले.

गफूरच्या खांद्यावर करवत होती.

"मला काही सांगू नका, शेठ," तो म्हणाला. "आज तुम्ही दुसऱ्यालाही काम सांगायचं नसतं, ठाऊक आहे मला. मी आपला सहज हिंडत आलोय. करवत घेऊन हिंडायची सवय आहे मला."

इतक्या दुःखातही पिन्हासशेठच्या ओठांचा कोपरा हलला.

गफूर ओसरीखाली जाऊन तुळया न्याहाळत राहिला. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. कापायचं तर मधल्या तुळयांशीच कापावं लागेल. वरची माती ओली-सुकी, जुनी. एकदम खाली येईल.

"खाली कोण आहे?" पिन्हासशेठने विचारलं.

"तापाच्या दोघी आहेत, हलवण्यासारख्या नाहीत. एकीजवळ तान्हं आहे."

पिन्हासशेठ खिडकीकडे पाहत राहिला. गफूर थांबला. त्याला हो नको होतं, नुसतं गप्प राहणं पुरलं असतं.

"घरी जा, उस्ताद," शेवटी पिन्हासशेठ म्हणाला.

गफूर घरी गेला नाही. करवत भिंतीला टेकवून विहिरीशी बसून राहिला.

पहिलं लग्न

मोहल्ल्यात गरीब मुलींची लग्नं पिन्हासशेठ लावून द्यायचा. नवरीला गाद्या, नवऱ्याला जामा, आणि मांडवभर पुलाव. कितीतरी घरांत त्याचं नाव घेऊन दिवा लागायचा. या सगळ्यातलं पहिलं लग्न बुलोरचं.

तेव्हा नुकता पैसा आला होता. लोक म्हणायचे, भाऊ एवढा मोठा झाला आणि बहीण घरात पिकली. ते त्याला लागलं. त्याने बुखाऱ्याचा एक सुखवस्तू बिजवर शोधला. बुलोर नको म्हणाली. मला इथे काय कमी आहे, म्हणाली. तू कामावरून आलास की चहा कोण देईल, म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी पाहून, बायका लग्नाआधी रडतातच, असं तो धरून चालला.

बुखाऱ्यात ती सावत्र मुलांची मोलकरीण झाली. नवरा वारल्यावर त्यांनी तिला परत धाडलं, तेव्हा तिचे हात बापाच्या हातांसारखे झाले होते, फक्त निळे नव्हते.

कोहेनाला आई-बाप, बायको, मुलं, भाऊ, यांच्यासाठी मृताजवळ जाता येतं. त्यांच्यासाठी ती मनाई नाहीच. आणि बहिणीसाठी

रेघ

बहिणीसाठीही. पण अविवाहित असेल तरच. लग्न झालं की ती दुसऱ्या घरची, विधवा होऊन परतली तरी.

हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. आज डाळिंबाखाली उभं असताना ते पहिल्यांदा कळलं. लग्न लावलं नसतं, तर तिचे डोळे त्याच्या हातांनी मिटले असते. तिची तिरडी त्याच्या खांद्यावर गेली असती.

उन्हं कलली. सिव्यो बाहेर आली, पण या वेळी पायरीवरच बसली आणि डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसू लागली.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, माझा संसार चांगला झाला म्हणावं त्याला. नवरा चांगला होता. तेवढं सांग, म्हणाल्या."

पिन्हासशेठने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं.

तो चालू लागला. खळग्यांच्या रेघेपाशी थांबला नाही. बुटाचं टोक पलीकडे गेलं. विहिरीशी गफूर उठून उभा राहिला.

"मी येतो, आपा," पिन्हासशेठ मोठ्यांदा म्हणाला.

खिडकीत हात वर झाला. उघडा पंजा, बोटं ताठ. रस्त्यात बैलगाडी येताना ती असाच हात करायची आणि तो जागच्या जागी थिजायचा. आताही थिजला. सिव्यो धावत आत गेली. बाहेर आली तेव्हा शब्द सांडू नयेत अशी जपून चालत होती.

"म्हणतात, तुला उन्हातनं चालवून मी वाढवलं. आता माझ्यापायी सावलीत येऊ नकोस."

हात अजून वरच होता. पिन्हासशेठने पाऊल मागे घेतलं. मगच तो हात खाली गेला.

त्यानंतर निरोप आला नाही. आभाळात तारे उमटू लागले, शब्बाथ सुटायला आला, तेव्हा सिव्योने आतून खिडकी लावून घेतली.

वळसा

सकाळी दोन तिरड्या निघाल्या. पुढे हमालाची, कारण तो आधी गेला होता. मागे बुलोरची. त्याच्या पैशाने लग्न झालेल्या मुलींचे नवरे खांदा द्यायला पुढे झाले, इतके की आळीपाळी करावी लागली. सगळे जवळच्या रस्त्याने, तुतींच्या सावलीतून गेले.

पिन्हासशेठ कोपऱ्यापर्यंत मागून चालला. तिथून तो एकटाच गिरणीकडे वळला. वाटेवर अजूनही झाड नव्हतं. दूर दफनभूमीच्या भिंतीपलीकडून प्रार्थनेचे आवाज येत होते, मग मातीचा आवाज.

पाटाशी आल्यावर तो थांबला. त्याने हात पुढे केला. बराच वेळ तो हात तसाच पाण्यावर राहिला. मग त्याने तो मागे घेतला, जामा वर उचलला आणि उडी न मारता, बुटांसकट, पाण्यातून पलीकडे गेला.