घंटीत कोंबलेला मोजा

म्हातारीने चष्मा काढून स्टुलावर आपटला.

“पुन्हा बोल. काय सांगायचं म्हणालास?”

मुलाने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. “आई, तू पड ना जरा. हिच्या इंटरव्ह्यूची तयारी चाललीय.”

“मी लंगडी आहे, बहिरी नाही. पुन्हा बोल.”

पलंगासमोरच्या खुर्चीत सूनबाई इस्त्रीचे कपडे घालून अवघडून बसली होती. पंपांचं डिझाइन करणारी इंजिनिअर. तीन वर्षांपूर्वी म्हातारी जिन्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि नोकरी सुटली ती हिची. तेव्हापासून अर्जांवर अर्ज केले, पण कुणी दारात उभं केलं नाही. आज कुठे एका कंपनीने बोलावलं होतं, तेही लॅपटॉपवर. आणि नवरा, स्वतः इंजिनिअर, ऑफिसात माणसं निवडायला बसणारा, सकाळपासून तिला पढवत होता.

“मधली वर्षं काय केलंत, हे विचारणारच,” तो म्हणाला. “तर म्हणायचं, वैयक्तिक कारण. सासूचा विषय काढायचाच नाही. घरात आजारी माणूस आहे असं कळलं की आम्ही फाइल बाजूला ठेवतो.”

“आम्ही?” म्हातारीने विचारलं.

“म्हणजे... सगळेच ठेवतात, आई.”

सूनबाई मान खाली घालून बाहीचं बटण फिरवत राहिली. म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिने उठवलं, न्हाऊ घातलं, एकेक पाऊल टाकायला शिकवलं. आणि आता ते सगळं चादरीवरच्या डागासारखं दुमडून आत घालायचं.

“एक सांग. मी आई कुणाची?”

“हे काय मध्येच?”

“कुणाची?”

“माझी.”

“मग खाडा हिच्या बायोडेटात कसा? तुझ्या का नाही?”

मुलाने घड्याळाकडे पाहिलं. “आई, भांडायची वेळ आहे का ही? आत्ता कॉल येईल.”

“खरंय. भांडण नको. सूनबाई, इकडे बघ. ह्याचं बोलणं गुळमुळीत आहे. वैयक्तिक कारण म्हटलं की लोक नाही नाही ते समजतात. सरळ सांग, सासू होती, अंथरुणाला खिळली होती, मेली. संपलं.”

“आई, काहीतरीच काय!”

“काहीतरीच कसं? मेलेल्या सासूसाठी कुणाला रजा लागत नाही. ह्यालाच विचार.”

मुलाने हनुवटी खाजवली. विचार केला.

“तसं... चालेल खरं तर,” तो म्हणाला.

म्हातारीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून त्याला नीट पाहिलं.

स्टुलावर पितळी घंटी होती. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की न्हाणीघर. ही भाषा घरात दोघींनाच येत होती. म्हातारीने वाकून, कण्हत, पायातला मोजा ओढून काढला आणि घंटीत कोंबला.

“मेलेली माणसं घंटी वाजवत नाहीत. जा आता. दार लोटून घे.”

दाराच्या फटीतून बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. सूनबाई पंपांबद्दल बोलत होती, न अडखळता. मध्येच प्रश्न विचारणाऱ्या बाईची चूकही तिने सुधारली. हा आवाज म्हातारीने ह्या घरात कधी ऐकला नव्हता. मग तो प्रश्न आला. मधली तीन वर्षं?

म्हातारीला खोकल्याची उबळ आली. तिने उशीत तोंड खुपसलं. मार मला, पोरी. पटकन मार.

“माझ्या सासूबाई पडल्या होत्या. मी त्यांना बघत होते.”

“अच्छा. मग आता त्या...?”

स्वयंपाकघरात चहा ढवळणारा मुलाचा चमचा थांबला.

“आता बऱ्या आहेत,” सूनबाई म्हणाली. “वॉकर धरून चालतात. भांडतात. ह्यापुढे त्यांना त्यांचा मुलगा बघणार आहे.”

‘कळवतो आम्ही’ म्हणून समोरच्या बाईने निरोप घेतला.

“मूर्ख कुठली,” म्हातारी उशीत पुटपुटली. “सांगितलेलं एक काम धड करेल तर शपथ.”

तिने घंटीतून मोजा उपसून काढला आणि घंटी वाजवली. दोनदा.

बाहेर खुर्ची सरकली.

“तू बस!” म्हातारी ओरडली. “तुला नाही बोलावलं.”

बऱ्याच वेळाने मुलगा दारात आला. हातात चहाचा कप तसाच होता. “काय हवंय, आई?”

तिने त्याच्या डोळ्यांत बघत पुन्हा दोनदा वाजवली.

तो मागे वळला. “अगं, दोनदा म्हणजे काय?”

बाहेरून लॅपटॉप मिटल्याचा आवाज तेवढा आला.

म्हातारीने घंटी पुन्हा उचलली.