गणिताच्या तासाची पोटदुखी

मी शाळेची नर्स. एक खाट, एक गरम पाण्याची पिशवी आणि गणिताच्या तासाला उठणारी पोटदुखी, एवढाच माझा संसार. चित्रकलेच्या तासाला तापानं फणफणलेलं पोरही हजर असतं, तेव्हा कुणाला काही होत नाही!

त्या दिवशीही सातवीतली चिमणी खाटेवर मुटकुळं करून पडली होती. मी तिच्यावर डाफरणार, इतक्यात दारात गणिताचे सर. चेहरा पांढराफटक, हात पोटावर.

"सिस्टर, वर्ग तपासायला साहेब आलेत. कळ येतेय हो."

माझं डोकंच फिरलं. चिमणी मात्र बाजूला सरकली. "सर, इथे बसा, गुडघे पोटाशी घ्या. पिशवी आळीपाळीनं घेऊ."

सर निमूट बसले. त्यांना शोधत मुख्याध्यापिका बाई तणतणत आल्या, पिशवी पाहिली आणि स्टुलावर मटकन बसल्या. "माझ्याही पोटात सकाळपासून गोळा आलाय गं."

"हा दवाखाना आहे की धर्मशाळा?" मी ओरडले.

तेवढ्यात दारात साहेब स्वतः उभे राहिले, घामाघूम. "वर्गात मला एकट्याला गाठून पोरांनी गणितं विचारली हो," ते कण्हले. "जागा आहे का?"

चिमणी टुणकन उठली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

"म्हणजे वर्गात आता मोठं माणूस कुणीच नाही? मग माझं पोट दुखायचं थांबलं."