ओळखीतलं उदाहरण

“मॅडम, ‘पानी’ म्हणणारी माणसं अडाणी असतात का?”

मैत्रीने उभं राहून एका दमात विचारून टाकलं. मागच्या बाकावर उत्कर्षा आणि नम्रता तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच, एका वडापावाची. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मैत्री कुठल्याच पैजेला नाही म्हणत नव्हती.

कौशल्या मॅडम खराडीतल्या एका कंपनीत संगणकाला मराठी बोलायला शिकवायच्या. आज दहावीच्या वर्गावर पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या चिडल्या नाहीत, उलट खडू घेऊन पुढे सरसावल्या.

“कापूस. आता ‘कापसाला’ म्हणा. मधला ऊ कुठे गेला?”

सगळे ‘कापसाला’ पुटपुटून पाहू लागले.

“गिळलात. पुण्यात राहूनसुद्धा!”

हशा पिकला.

“पूर्वी आम्ही नियम लिहायचो. आधी हे बदला, मग ते. आता वेगळं मानतात. प्रत्येकाच्या तोंडात दोन हट्ट भांडत असतात. एक म्हणतो, मूळ शब्द जप. दुसरा म्हणतो, जिभेला सोपं कर. कापसात तुमचा दुसरा जिंकला, पाण्यात पहिला, म्हणून जड ‘ण’ टिकला. ‘पानी’ म्हणणाऱ्यांचा तिथेही दुसराच जिंकतो. हट्ट सगळ्यांकडे तेच, आधी मान कुणाला, एवढाच फरक. यात अडाणी कोण?”

मैत्रीला खाली बसवेना.

“मग एकाच घरात दोन निकाल लागतात?”

“लागतात की! कुणाच्या घरात?”

मागचं हसू थांबलं होतं. मैत्रीने बाकाची कड घट्ट धरली.

“आमच्याकडे... भांड्यांना येतात त्या बाई.”

“वा! शनिवारी आणशील त्यांना? माझ्या संगणकासाठी असा आवाजच मिळत नाहीये.”

संध्याकाळी कर्वेनगरच्या घरी ती दप्तर न काढताच ओट्यापाशी उभी राहिली. वर्ध्याहून येऊन आईला पंधरा वर्षं झाली होती, पण शाळेचं फाटक तिने पाहिलं नव्हतं. पालकसभेची चिठ्ठी मैत्री नेहमी बाबांच्याच हातात द्यायची.

“पानी देऊ का वं?” आईने, कांताबाईंनी, विचारलं.

“पुन्हा म्हण ना, आई.”

कांताबाईंचा हात माठावरच थांबला. त्यांनी ओठ जुळवले, जीभ जपून वळवली.

“पाणी,” त्या हळूच म्हणाल्या. “येते मले तसं बी. तुह्या मैत्रिणी आल्या तर तसंच म्हणीन.”

मैत्रीने पेला घेतला, पण प्यायली नाही. तिचे बाबा, सुखदेव, नुकतेच कारखान्यातून येऊन बूट काढत होते.

“बाबा, शनिवारी शाळेत आई येणार,” ती म्हणाली. “आणि ती माझी कोण आहे, हे वर्गाला मी स्वतः सांगणार.”